चार पॉइंट आठ

१

धाकट्याचं अर्धं आयुष्य सेल मोजण्यात गेलं होतं. श्रवणयंत्रांच्या एका दुकानात तो कारागीर होता. शर्टाच्या बटणाएवढे सेल दिवसभर त्याच्या बोटांतून जायचे, आणि ऐकू न येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो घसा फोडून एकच गोष्ट सांगायचा, "नुसतं मीटर लावून सेल कळत नाही आजोबा, त्याला कामाला लावून बघावं लागतं." थकलेला सेल स्वस्थ पडून असला की मीटरवर अगदी भरल्यासारखा दिसतो. त्याला एक छोटा दिवा पेटवायला सांगा, की लगेच मान टाकतो. म्हणून धाकट्याच्या टेबलावर तसा एक दिवा कायम असे.

आणि नेमकं तेच त्यानं त्या रविवारी केलं नाही.

दादानं, म्हणजे त्याच्या थोरल्या भावानं, दोन वर्षं खपून मागच्या खोलीत ग्लायडर बांधलं होतं. पंख एवढे लांब, की पसरले तर खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचत. त्याला इंजिन नव्हतं, उडायचं ते वाऱ्यावरच. पण पोटात वीज मात्र लागते. काड्यापेटीएवढा रिसीव्हर हातातल्या ट्रान्समीटरचं ऐकतो आणि दोन चिमुकल्या मोटारींना शेपटी हलवायला सांगतो. तेवढ्यासाठी चार सेलचा एक जुडगा. बाकी सगळं दादाचं, सेल तेवढे धाकट्याकडे. घरात सेलमधलं कळणारा तोच होता ना!

"सेल तपासलेस?" दादानं निघताना विचारलं.

"तपासले," धाकटा म्हणाला.

त्यानं मीटर टेकवून बघितलं होतं, आकडा चांगला होता, आणि चहा गार होत होता. दिवा लावून बघायचा त्यानं कंटाळा केला. एवढीच गोष्ट.

२

दादाचा एक नियम होता. आधी हातातलं चालू करायचं, मग पोटातलं. बंद करताना उलट, आधी पोटातलं, मग हातातलं. "पोटातलं जागं असताना हातातलं झोपवायचं नाही. त्याला वाटतं आपल्याला टाकून गेले," असं तो हसत म्हणायचा, आणि हसत म्हणाला तरी कधी मोडायचा नाही.

कड्यावर वारा छान होता. ग्लायडर दहा मिनिटं घारीसारखं तरंगलं. मग दादानं ते वळवायला ट्रान्समीटरवरची काडी दाबली आणि ते वळलं नाही. ट्रान्समीटरच्या पडद्यावर रिसीव्हरची वीज दिसते. तो आकडा धाडकन खाली आला, आणि मग आकडाच गेला, नुसत्या चार आडव्या रेघा उरल्या. पांढरे पंख कड्यापलीकडे सरकत सरकत झाडीच्या दरीत उतरले.

दादानं सेलचं नावही काढलं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं ट्रान्समीटर धाकट्याच्या हातात दिला. "बंद करू नकोस. आकडा परत आला तर फोन कर. मी उतरून बघतो."

तो पायवाटेनं खाली गेला. त्याच्या दुमडलेल्या बाह्यांचा निळा शर्ट झाडीत दिसेनासा झाला, तो पुन्हा दिसला नाही.

३

नऊ दिवस शोध घेतला. माणसं, दोर, कुत्री, सगळं झालं. दहाव्या दिवशी शोधपथकाचा अधिकारी घरी आला, टोपी मांडीवर ठेवून बसला, आणि दरी किती खोल आहे ते बराच वेळ सांगत राहिला. त्याला काय म्हणायचं आहे ते सगळ्यांना कळलं.

घरात आता तिघं उरली. धाकटा, वहिनी आणि आप्पा. आप्पा म्हणजे दोघा भावांचे वडील, वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. जन्मभर खांबांवर चढले आणि म्हातारपणी छातीत पेसमेकर बसला. त्याला ते 'माझा आतला वायरमन' म्हणत. "पगार नको, सुट्टी नको, दहा वर्षं खांबावर बसून आहे बिचारा," असं आल्यागेल्याला ऐकवत. दादा गेल्यापासून मात्र त्यांनी ही थट्टा सोडली होती.

धाकट्याला रात्र आणि दिवस सारखेच झाले होते. आपण दिवा लावला असता तर, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, आणि ते कुणाजवळ बोलायची हिंमत नव्हती. ट्रान्समीटर त्यानं मागच्या खोलीतल्या टेबलावर चार्जरला लावून ठेवला होता. चालूच. बंद करणं त्याच्या हातून होईना.

बाराव्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला तो त्या खोलीत झाडू मारत होता. खिडकीतून ऊन आत आलं होतं. मागे टेबलावर एकदा पिप् झालं.

त्यानं वळून बघितलं. चार रेघांच्या जागी आकडा होता. ४.८.

४

कारागीर माणूस आधी यंत्रावर संशय घेतो. पडद्याला बिघाड असेल. शेजारीपाजारी दुसरं कुणी काही उडवत असेल. पण तो रिसीव्हर दादानं या एकाच ट्रान्समीटरशी जोडला होता, दुसऱ्या कुणाचं तो ऐकत नाही आणि दुसऱ्या कुणाला सांगत नाही. शिवाय कडा इथून गाडीनं तासाभराच्या अंतरावर. आणि तो जुडगा! तो तर त्याच दिवशी संपला होता. अगदी नवा असता तरी चार-पाच तासांवर चालला नसता.

आकडा रात्रभर हळूहळू उतरत गेला. ४.७, ४.६. दुसऱ्या दिवशी दुपारी ४.२ झाला तेव्हा धाकटा खुर्ची ओढून टेबलासमोर बसला. साडेपाचला पिप् झालं आणि आकडा पुन्हा ४.८ वर गेला.

तिसऱ्या दिवशी तो ट्रान्समीटर घेऊन कड्यावर गेला. तिथे चार रेघा. दरीच्या तोंडाशी उभं राहून त्यानं हात उंच केला, चारी दिशांना फिरवला. रेघाच. अधिकाऱ्यानं त्याचं सगळं ऐकून घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि घरी जाऊन झोपायला सांगितलं. घरी येऊन मागच्या खोलीत पाऊल टाकलं मात्र, पिप्. ४.५.

दारात वहिनी उभी होती.

"भाऊजी, किती दिवस लपवणार आहात?"

मग त्यानं सगळं सांगितलं. सेलचं सोडून सगळं. वहिनी त्या आकड्याकडे बघत राहिली. ती शाळेत गणित शिकवायची, आकड्यांवर तिचा विश्वास होता.

"कुणीतरी भरतंय म्हणून वर जातो ना?" ती म्हणाली. "आपोआप तर जाणार नाही?"

"आपोआप नाही जाणार."

"म्हणजे हे आहेत," वहिनी म्हणाली आणि तोंडाला पदर लावून मटकन खाली बसली.

५

त्या दिवसापासून वहिनी तिथून हलेना. वह्या तपासायला ती मागच्या खोलीतच बसू लागली. तिला काडी हलवू नका म्हणून सांगितलं होतं, पण तिनं एकदा ती हळूच डावीकडे नेली. आकडा ४.६ वरून ४.५ झाला, काडी सोडल्यावर परत ४.६.

"हे काय झालं?"

मोटारीला काम पडलं की वीज उतरते. म्हणजे कुठेतरी ती शेपटी खरंच हलली होती.

पुढची दहा मिनिटं दोघं नुसती बघत होती. कुणाचाही हात काडीला नव्हता. आकडा पडला, वर आला. पुन्हा पडला, वर आला. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा दोनदा. जणू तिकडे कुणी शेपटीचं फळकुट हातात धरून मोटारीविरुद्ध दाबत होतं.

दादाला चहा हवा असला की तो टेबलावर बोटानं दोनदा टकटक करायचा. हाक मारायचा त्याला आळस. त्यावरून वहिनीनं त्याला किती वेळा झापलं असेल!

वहिनी हसली आणि हसता हसता हमसून रडायला लागली. "चहा मागतायत हो," ती म्हणाली. "एवढं झालं तरी चहाच मागतायत."

धाकट्यालाही रडू फुटलं. त्या संध्याकाळी घरात कितीतरी दिवसांनी तिघं नीट जेवली. पडद्याच्या कोपऱ्यात रिसीव्हर किती जवळ आहे ते दाखवणाऱ्या पाच उभ्या रेघा असतात. इतके दिवस त्यातली एकच उमटत होती. जेवून आल्यावर धाकट्यानं बघितलं तर दोन होत्या.

६

भिंतीवरचं घड्याळ साडेपाचला बंद पडलं होतं हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. नवा सेल घातला, दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेपाचलाच बंद. मग टीव्हीचा रिमोट गेला, विजेरी गेली, दारावरची घंटा गेली. ट्रान्समीटरचा स्वतःचा सेलही एका साडेपाचला मेला, तेव्हापासून तो भिंतीतल्या वायरीवरच चालू होता.

इथले सेल मरतात तेव्हाच तिकडचा आकडा चढतो, हे धाकटा समजला, आणि मूग गिळून बसला. दादा जगत असेल तर घड्याळं बंद पडेनात का!

अठराव्या दिवशी घरात मरण्यासारखा एकही सेल उरला नव्हता. साडेपाचला आप्पा पुढच्या खोलीत चहा पीत होते. कप बशीवर आपटला. धाकटा धावला तोवर त्यांची मान कलली होती, ओठ निळे पडले होते. मनगटावर बोट ठेवलं तर काही लागेना. त्यानं मनात मोजलं, एक, दोन, तीन, चार. मग एक ठोका लागला, मग दुसरा.

"काही नाही," आप्पा डोळे उघडून म्हणाले, "आतल्या वायरमनला जरा डुलकी लागली."

मागच्या खोलीतून पिप् ऐकू आलं होतं. ते वहिनीनंही ऐकलं होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि नजरा काढून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटा दुकानातून सेलची पाकिटं घेऊन आला आणि टेबलावर ट्रान्समीटरभोवती मांडून ठेवली. साडेपाचला त्यातली सगळी रिकामी झाली. आप्पांना काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुप्पट लागली. मग खोकंभर. उभ्या रेघा आता चार होत्या, आणि त्या खोलीत ओल्या मातीचा वास यायला लागला होता.

"एकदा पाच झाल्या की हे येतील," वहिनी म्हणायची. तिचे डोळे खोल गेले होते. "अजून दोन दिवस, भाऊजी. तुम्ही सेल तेवढे कमी पडू देऊ नका."

"आणि कमी पडले तर?"

पुढच्या खोलीत आप्पा खोकले, तेवढंच.

७

बाविसाव्या दिवशी सेल कमी पडले. दुकानाच्या मालकानं कपाट बंद करून किल्ली स्वतःजवळ ठेवली होती. माल कुठे जातो ते त्याला कळत नव्हतं, पण धाकट्याचा चेहरा त्याला कळत होता. "चार दिवस घरी बस," एवढंच तो म्हणाला. धाकटा गावभर फिरला आणि मिळाली तेवढी पाकिटं खिशात कोंबून पाच पंचविसाला घरी पोचला. खोकंभर लागणार होतं, ही मूठभर होती.

पुढच्या खोलीत आप्पा नव्हते. मागच्या खोलीचं दार आतून बंद होतं. दारापाशी वहिनी उभी होती.

"आप्पा!" धाकट्यानं दारावर मूठ मारली. "कडी काढा!"

"ओरडू नकोस," आतून शांत आवाज आला. "मी काय बहिरा आहे? सगळं ऐकलंय मी तुमचं. दहा वर्षं हा वायरमन मला पुरला. अजून पाच-सात वर्षं चालेल म्हणतात डॉक्टर. मला एवढी कशाला हवीत? थोरल्याला लागतायत तर त्याला घेऊ दे."

"आप्पा, तो दादा आहे कशावरून? मी सेल नीट तपासले नव्हते! मी खोटं बोललो त्याच्याशी, माझ्यामुळे गेला तो! माझं काय ते घेऊ दे, तुम्ही बाहेर या!"

हे इतके दिवस पोटात दाबलेलं त्याच्या तोंडून असं भर दारात बाहेर पडलं. वहिनीनं त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच त्याला ते सोसवेना.

आत पिप् झालं. एकदा नाही, सारखं व्हायला लागलं.

धाकट्यानं किल्लीच्या भोकाला डोळा लावला. खिडकीतून ऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं. आप्पांची पाठ खुर्चीत दिसत होती, मांडीवर ट्रान्समीटर. आणि भिंतीवर एक लांब सावली खिडकीच्या बाजूनं आत सरकत होती. पंख. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. पंखांच्या मागून शेपटीची सावली आली, आणि शेपटीला दोन्ही हातांनी धरून काहीतरी लोंबत होतं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पाय जमिनीला लागत नव्हते.

"आलास?" आप्पा म्हणाले. "ये रे, बस." आणि त्यांची मान पुढे कलली.

विजेचा मुख्य खटका बाहेरच्या बोळातच होता. आप्पांनीच स्वतःच्या हातानं तिथे बसवलेला. धाकट्याचा हात त्यावर गेला.

वहिनीनं त्याचं मनगट धरलं. "एक मिनिट. भाऊजी, पाया पडते, एकच मिनिट!"

पोटातलं जागं असताना हातातलं झोपवायचं नाही. धाकट्याला तो आवाज कानाशी ऐकू आला. आत खुर्ची सरकून पडली.

त्यानं खटका खाली ओढला.

पंखा फिरत फिरत थांबला. पिप् थांबलं. घरात एवढी शांतता झाली, की बऱ्याच वेळानं आत कडी सरकली ती मोठ्यानं वाजल्यासारखी वाटली. दारात आप्पा उभे होते, छातीवर हात, गालांवरून पाणी. त्यांच्यामागे खोली रिकामी होती.

"दारापर्यंत आला होता रे," ते म्हणाले.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकाऱ्याचा फोन आला. लाकडं तोडणाऱ्यांना दरीत, खडकांच्या एका चिरेत दादा सापडला होता. वहिनी आणि धाकटा गेले. ओळख पटवली. पाय मोडलेला होता. हातात शेपटीचं फळकुट होतं, ते कुणाला सोडवता आलं नव्हतं. ग्लायडरचं बाकी काहीच सापडलं नाही.

डॉक्टर तरुण होते, आणि गोंधळलेले. त्यांनी दोघांना बाजूला घेतलं.

"तीन आठवड्यांपूर्वी बेपत्ता झाले म्हणता तुम्ही?"

"हो."

"अन्नाशिवाय एवढे दिवस माणूस..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "कसे राहिले ते मला सांगता येणार नाही. पण मृत्यू कालचा आहे. काल संध्याकाळी, पाच-सहाच्या सुमाराला."

परतताना घर जवळ आलं तशी वहिनी गाडीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आप्पांना सांगू नका."

आप्पा दारातच बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "कधी गेला?"

"त्याच दिवशी," धाकटा म्हणाला. "पडला तेव्हाच." आपला आवाज त्याला ओळखीचा वाटला. तपासले, असं म्हणाला होता तोच हा आवाज.

"त्रास झाला नाही म्हणे," वहिनी म्हणाली. आप्पांनी मान हलवली.

९

ट्रान्समीटर धाकट्यानं स्वतःच्या हातानं सोडवला. एकेक स्क्रू, एकेक वायर. सुटे भाग डब्यात घालून डबा दुकानातल्या कपाटात ठेवला. मागच्या खोलीतलं टेबलही काढून टाकलं. वहिनी त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. चहा, जेवण, आप्पांच्या गोळ्या. जन्मभर ती असंच बोलेल हे त्याला कळून चुकलं होतं, आणि तेवढंही आपल्याला जास्तच आहे असं त्याला वाटत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं भिंतीवरच्या घड्याळाला नवा सेल घातला. आधी दिव्यावर लावून बघितला. एकदा नाही, तीनदा. दिवा लख्ख पेटला.

संध्याकाळी तो बोळात बसून आप्पांच्या चपलेला टाका घालत होता. पुढच्या खोलीत आप्पा चहा पीत होते. आतून वहिनीची हाक आली.

"भाऊजी, घड्याळ थांबलंय."

किती वाजता, हे त्यानं विचारलं नाही. हातातली चप्पल पडली. पुढच्या खोलीत कप बशीवर आपटला. आप्पांनी तळहात छातीवर दाबून धरला होता, ओठ निळसर झाले होते. धाकटा उलटा बोळात धावला आणि त्यानं मुख्य खटका खाली ओढला. पंखा थांबला. त्यानं खटका वर केला, पुन्हा खाली ओढला, पुन्हा वर, पुन्हा खाली. पण आता भिंतीतल्या वायरीवर ट्रान्समीटर नव्हता. बंद करायला त्याच्यापाशी काही उरलंच नव्हतं.

मागच्या रिकाम्या खोलीत, खिडकीच्या काचेवर, दोनदा टकटक झाली. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा दोनदा.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली होती, पण ती पुढे होईना. पुढच्या खोलीत आप्पांनी मान वर केली. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

"धाकट्या," ते क्षीण आवाजात म्हणाले, "बघतोस काय? दार उघड त्याला."